दैवशालेच्या वर्गाचं अर्पण

माझी धाकटी जाऊ दैवशाला. तिचा साबणावर फार विश्वास. देवावरही आहे, पण देव संपत नाही आणि साबण संपतो, म्हणून घरात आधी साबणाची चौकशी होते.

तिचं माहेर माकणीचं. वडील एका मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या उकळायचं काम करायचे, आणि ही त्यांच्या पायात घोटाळत तिथंच वाढली. त्यामुळं दिसेल ते उकळायचं आणि उकळता येत नसेल तर उन्हात घालायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. लग्न होऊन ढोकीला आली ती एक पातेलं घेऊन, तेही फक्त पाणी उकळायचं. त्यात कुणी आमटी केली तर ती भांडायची नाही. आमटी दुसऱ्या भांड्यात ओतायची, पातेलं घासायची आणि पुन्हा पाणी ठेवायची. आमच्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "धाकटी सून सैपाकात हुशार हाय. पाणी झकास शिजवती."

तिची शाळा सातवी. माझी दुसरी, आणि तीही अर्धी. म्हणून घरात शास्त्र वाचायचं काम तिचं आणि मधे मधे बोलायचं माझं.

तिचा नवरा म्हणजे माझा दीर सिदू. उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. गाळपाच्या दिवसांत झोप येऊ नये म्हणून गालात कायम गुटखा. झोप आली नाही हे खरं. पण काही वर्षांनी तोंड उघडेना. आधी भाकरी कुस्करून खायला लागला, मग पेज प्यायला लागला. बार्शीला कॅन्सरच्या दवाखान्यात नेलं, जबडा कापला. त्याला बोलता यायचं नाही, तरी दैवशाला रोज सकाळी विचारायची, "आज काय करू?" आणि तो बोटानं दाखवायचा. एक दिवस तिनं विचारलं आणि त्यानं बोट उचललं नाही.

पुड्या तो कुठून घ्यायचा हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. धोंडीबाच्या टपरीतून. धोंडीबा आमच्या मंडळीचे पंच. ढोकीत आमची ख्रिस्ती घरं थोडकी, सगळी एका गल्लीत, आणि गल्लीच्या टोकाला पत्र्याचं चर्च. सरकारनं गुटख्याला बंदी केली तेव्हा धोंडीबांनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं की आजपासून माझ्या टपरीत गुटखा नाही. मंडळीनं आमेन म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून लोक टपरीच्या पुढून मागायचे ते मागच्या बाजूनं मागायला लागले.

दैवशालेनं त्या टपरीचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. एकदा मीच म्हणाले, "अगं, बोल की एकदा त्या धोंडीबाला." तर म्हणाली, "अक्का, मी बोलले तर ते चिडतील. चिडलेलं माणूस काय शिकत न्हाय. पोरं अजून चिडलेली न्हायीत." आणि चर्चच्या पाळकसाहेबांकडून तिनं रविवारचा पोरांचा वर्ग मागून घेतला.

पहिल्या रविवारी तिनं चर्चच्या पडवीत घमेल्यात गरम पाणी ठेवलं आणि प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट सांगितली. मग एकेका पोराला बसवून पाय धुतले. धुतले म्हणजे दगडानं घासले. गल्लीतल्या सखूबाईचा नातू ओरडला, "बाई, प्रभूनं दगडानं घासले व्हते का?"

"लिहिलेलं न्हाय," दैवशाला म्हणाली. "पण तुझे पाय बघितले असते तर घासले असते. दुसरा पाय दे."

तिचा वर्ग असाच चालायचा. देह म्हणजे देवाचं घर, हे शास्त्रातलं. घर म्हटलं की झाडलोट आली, हे तिचं. डोळे खिडक्या, तोंड दार. दारातून आत काय जातं त्यावर ध्यान ठेवायचं. पोरं हे सगळं जसंच्या तसं घ्यायची. एकजण आठ दिवस तिखट खाईना, आत देव बसलाय, त्याला झोंबेल म्हणून. दैवशाला त्याला म्हणाली, "देव मराठवाड्यात राहायला आलाय तर खाईल. पण जरा कमी घाल."

शेपूची भाजी कुणी खाईना. मग तिनं दानिएलाची गोष्ट काढली. राजाचं पक्वान्न सोडून भाजी आणि पाण्यावर राहिला, आणि दरबारातल्या सगळ्या पोरांपेक्षा तोच अंगानं भरला.

धोंडीबाची नात समृद्धी लई चौकस. तिनं विचारलं, "बाई, त्यानं शेपू खाल्ला व्हता का?"

"भाजी खाल्ली, असं लिहिलंय."

"मग ती मेथी असंल."

"तू मेथी खाती का?"

"न्हाय."

"मग तुझं काय जातंय? शेपूच व्हता असं धर."

आणखी एक गोष्ट तिची फार आवडीची. एलीया संदेष्टा झाडाखाली पडून म्हणतो, आता मला मरू दे. तर देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही. म्हणतो, ऊठ, जेव. तो जेवतो, पुन्हा झोपतो, पुन्हा देवदूत उठवून जेवायला घालतो. बोलणं नंतर. दैवशाला म्हणायची, "बघा, देवालाबी ठाऊक हाय. उपाशी आणि जागरण झालेल्या माणसाला काय सांगू नये." म्हणून ती आधी पोरांना भिजवलेले हरभरे आणि गूळ द्यायची आणि मग प्रार्थना घ्यायची. पोरं प्रार्थनेच्या वेळी दात कोरायची, पण हजर असायची.

सिदूचं तिनं पोरांना कधी सांगितलं नाही. मी म्हणाले, सांग की, धडा घेतील. ती म्हणाली, "भेतील. भ्यालेली पोरं ऐकत्यात, पण पुढच्या रविवारी येत न्हायीत."

आणि येणं तिला हवं होतं. घरात तिला दुसरं कुणी नव्हतं असं मी म्हणणार नाही, मी होते की. पण शनिवारी सांजेला हरभरे भिजत घालताना ती गुणगुणायची. बाकीचे सहा दिवस ती गुणगुणत नसे. वर्ग गेला असता तर काय गेलं असतं, हे मला त्या गुणगुणण्यावरून ठाऊक होतं.

धोंडीबांना मात्र वर्ग खुपायचा. पोरं घरी जाऊन आजोबांना म्हणायची, "तुमच्या दारातून वास येतोय." आजीला म्हणायची, "आजी, दाराला काळं काय लावती?" आमच्याकडं बायका दाताला मिसरी लावतात, म्हणजे तंबाखू भाजून, कुटून, डबीत भरलेली. सकाळी लावतात, दुपारी लावतात, आणि बरं वाटलं तर मधेही लावतात. मीही लावते. पंचांच्या बैठकीत धोंडीबा म्हणाले, "देवाचं सोडून दातांचं शिकवाया लागलीय बाई. अजून एक तक्रार आली तर वर्ग बंद." पाळकसाहेब लातूरकडचे, नवे, वयानं लहान. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

अशात हंगामाचा सण आला.

सुगी झाली की आमच्यात हा सण असतो. जे पिकलं त्यातलं पहिलं आणि चांगलं देवापुढं ठेवायचं. चर्चमध्ये पुढं मोठं टेबल मांडतात, त्यावर पांढरी चादर. कुणी ज्वारीची कणसं आणतं, कुणी तूर, दुधी, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. मग पाळकसाहेब टेबलावरच्या एकेका वस्तूचं नाव घेऊन देवाचे आभार मानतात. नाव घेतल्याशिवाय काही सोडायचं नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत. आणि टेबलावर ठेवलेलं परत उचलायचं नाही. शेवटी आशीर्वाद, आणि आशीर्वाद झाल्यावर प्रीतिभोजन. मटण सकाळपासूनच मागच्या अंगणात चुलीवर असतं.

आता आमच्या गल्लीत शेत आहे कुणाला? सगळी मजुरीवाली माणसं. दरवर्षी दुसऱ्याच्या रानातून मागून आणलेली कणसं आम्ही देवाला देतो. पोरांनी दैवशालेला विचारलं, "बाई, आमच्याकडं कायबी पिकत न्हाय. आमी काय आणावं?"

ती म्हणाली, "पिकत नसंल तर नसू द्या. घरात जे सगळ्यात जपून ठेवत्यात ना, ज्याच्याबिगर घरच्यांचं चालत न्हाय, त्यातलं थोडं आणा. देवाला तेच आवडतं."

तिच्या मनात होतं गूळ, तेल, दळण. असलंच काहीतरी.

सणाच्या दिवशी उपासना सुरू झाली. मोठ्यांनी आपापलं ठेवलं. मग पोरं ओळीनं पुढं गेली, अंघोळी केलेली, केस चप्प बसवलेले, हातात रुमालाखाली झाकलेलं काहीतरी. ठेवलं आणि परत येऊन बसली. मी पुढच्या बाकावर होते. मला टेबल नीट दिसत होतं.

टेबलावर मिसरीच्या डब्या होत्या. पितळेची, पत्र्याची, एक मूळची मलमाची. तंबाखूची कातडी चंची होती. चुन्याची नळी होती. आणि ज्वारीच्या पेंढीला हार घातल्यासारखी, चमचमणारी, गुटख्याच्या पुड्यांची आख्खी माळ होती. ती समृद्धीनं घातली होती. दिसायला बरी दिसत होती, खोटं कशाला बोलू.

पोरांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी घरात बघितलं, कोण काय जपतं. तेलाची बाटली उघडी पडलेली असते. डबी कमरेला खोचलेली असते.

मी कमरेला हात लावला. माझीही नव्हती. टेबलावर पितळेची होती ती माझीच, माझ्या नातीनं नेऊन ठेवलेली.

पाळकसाहेब उभे राहिले, डोळे मिटले आणि आभार मानायला लागले. ज्वारीबद्दल मानले, तुरीबद्दल मानले, दुध्याबद्दल, अंड्यांबद्दल, कोंबडीबद्दल मानले. मग त्यांनी एक डोळा उघडून टेबलाकडं बघितलं आणि परत मिटला. "आणि हे प्रभो, इतर वस्तूंबद्दल..."

"नाव घ्या की साहेब," समृद्धी म्हणाली. "रीत हाय."

पाळकसाहेबांनी दोन्ही डोळे उघडून माळेकडं बघितलं आणि पुन्हा मिटले. मग म्हणाले, "हे प्रभो, आमच्या मुलांबद्दल तुझे आभार. आमेन." आम्ही लई मोठ्यानं आमेन म्हटलं.

पण धोंडीबा उभे राहिले. "साहेब, आशीर्वादाआधी माझं बोलणं हाय. ही पोरं घरातलं न विचारता उचलून आणत्यात. ह्याला चोरी म्हणत्यात. देवाच्या वर्गात चोरी शिकवत्यात का? माझं म्हणणं, वर्ग आजपासून बंद. मंडळीसमोर सांगतोय." आणि खाली बसले.

बोलायला तोंड कुणाला होतं? सकाळपासून मिसरी नव्हती.

पाळकसाहेब म्हणाले, "दैवशालाबाई, तुमचं काय म्हणणं?"

मला वाटलं आता ती सिदूचं काढील. काढलं असतं तर मी उठून तिच्या शेजारी उभी राहणार होते. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "धोंडीबामामा बरोबर बोलत्यात. न विचारता घेतलं म्हंजे चोरीच. सांगताना माझ्याकडून नीट सांगायचं राहिलं. ज्याचं त्याला परत देऊन माफी मागायला लावते. मग वर्गाचं काय करायचं ते मंडळीनं ठरवावं."

"टेबलावरचं परत उचलता येत नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"दिलेलं उचलता येत न्हाय, साहेब. हे दिलंय कुठं कुणी?"

पाळकसाहेबांनी विचार केला आणि मान हलवली. ह्या वेळी ती हो म्हणून होती.

पोरं परत पुढं गेली. ज्यानं त्यानं आपलं उचललं. सखूबाईचा नातू आधी आला, डबी पुढं धरून म्हणाला, "आजी, न विचारता घेतली. चुकलं."

सखूबाई गल्लीत सगळ्यात म्हातारी. तिला कुणाची भीड नाही. "आण इकडं," ती म्हणाली. "डोकं चढलंय सकाळधरनं. पाळण्याची दोरीबी चोरशील तू." डबी कमरेला खोचली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

सखूबाईनं घेतली म्हटल्यावर बाकीच्यांना धीर आला. एकेकानं मान खाली घालून आपापलं घेतलं. माझ्या नातीनं माझी दिली. मी घेतली. रविवारच्या लुगड्यात डबी खोचायला जागा नव्हती, म्हणून मुठीत धरून बसले.

शेवटी समृद्धी राहिली. ती माळ दोन्ही हातांवर घेऊन धोंडीबांपुढं उभी राहिली. "आजोबा, न विचारता घेतली. चुकलं."

धोंडीबांनी माळेकडं बघितलं नाही. "ही माझी न्हाय," म्हणाले.

"तुमची हाय. टपरीत बिस्किटाच्या डब्यामागं खोक्यात व्हती. तुमी कुलूप लावता त्यात."

"दुसऱ्या कुणाची असंल. ठेव जा कुठंतरी."

समृद्धी दैवशालेकडं वळली. "बाई, मग कुणाला देऊ?"

मला वाटतं चर्चमधली सगळी माणसं त्या वेळी दैवशालेकडं बघत होती. सिदूची बायको काय बोलते ते ऐकायचं होतं सगळ्यांना. ती समृद्धीजवळ गेली, तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधली आणि म्हणाली, "ज्याची असंल तो घेईल. तंवर धर."

पोरगी धरून उभी राहिली. आशीर्वाद झाला नव्हता, त्यामुळं कुणाला उठता येईना. मागच्या अंगणातून मटणाचा वास येत होता. कोंबडी टेबलावर हलली. समृद्धीचे हात भरून आले. तिनं माळ एका हातावर घेतली, मग दुसऱ्या.

सखूबाई म्हणाली, "धोंडीबा, मटण थंड व्हायलंय."

"मी काय करू मग?" धोंडीबा म्हणाले.

"ते तुला ठाऊक."

तेवढ्यात समृद्धीच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात गुंतलेले, म्हणून तिला पुसता येईना. तसंच वाहू देत ती म्हणाली, "आजोबा, तुमची असंल तर मी चोर हाय. नसंल तर मी खोटारडी हाय. दोन्हीतलं एक काय ते सांगा. मला बसायचंय."

धोंडीबा बाकावरून उठले. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना उठायला वेळ लागतो. त्यांनी तिच्या हातातून माळ घेतली.

"माझीच हाय," म्हणाले. "तू बस."

ती जाऊन बसली आणि फ्रॉकनं नाक पुसलं. धोंडीबा मात्र उभेच. माळ कुठं ठेवावी ते त्यांना कळेना. खिशात मावेना. गळ्यात घालता येईना. टेबलावर ठेवायची तर आता ती दिलेली झाली असती.

पाळकसाहेबांनी हळू विचारलं, "धोंडीबा, वर्गाचं काय म्हणत होता?"

धोंडीबांनी सगळ्यांकडं बघितलं. मग दैवशालेकडं बघितलं. मला वाटतं सिदू गेल्यापासून तिच्याकडं त्यांनी नीट बघितलं ते तेव्हाच.

"चालू द्या," म्हणाले. "मी पंच राहतो का न्हाय ते नंतर बघा. वर्ग चालू द्या. पण बाई, पुढच्या सणाला पोरांना काय आणाया सांगता, ते आदी घरच्यांच्या कानावर घाला."

"घालते, मामा," दैवशाला म्हणाली.

पाळकसाहेबांनी आशीर्वाद उरकला. एवढा चटकन झालेला आशीर्वाद मी ह्या चर्चमध्ये ऐकलेला नाही.

त्यानंतर ढोकीत तंबाखू संपली, असं काही सांगायला मला आवडलं असतं. संपली नाही. सखूबाईनं मागच्या अंगणात जाऊन आधी मिसरी लावली, मग भाकरी मागितली. माझी डबी मुठीतच होती. नात शेजारी बसून ती मूठ बघत जेवत होती, त्यामुळं मला ती उघडता आली नाही, आणि डाव्या हाताचा काही उपयोग झाला नाही. धोंडीबांनी माळ चुलीत टाकली. धूर असा आला की पंगत वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला हलवावी लागली. सगळी त्यांना बोलली, आणि ते ऐकून घेत होते.

दैवशाला पंगतीच्या तोंडाशी बादली आणि साबण घेऊन उभी होती. हात बघितल्याशिवाय कुणाला बसू देईना, पोरांना नाही आणि मोठ्यांनाही नाही. रांगेत धोंडीबाही आले. तिनं त्यांचे हात उलटे सुलटे करून बघितले.

"मामा, परत धुवा," म्हणाली. "अंगठा राहिलाय."

धोंडीबांनी परत धुतले.